कोड सर्वांचा करायचा, तर आधी कागद

ही एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कोडमधली ‘मेन डॉट सी’ फाइल. माथ्यावर तारीख, 15 सप्टेंबर 2001. एरवी तिथे कॉपीराइटची ओळ दिसते. इथे लेखकाने तो हक्कच सोडलाय आणि कायदेशीर मजकुराऐवजी आशीर्वाद दिलाय : भलं करा, वाईट करू नका. स्वतःला क्षमा लाभो, इतरांनाही क्षमा करा. मोकळेपणाने वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका.

तुमच्या फोनमधल्या या डेटाबेसची पहिली आवृत्ती रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये आणली. तेव्हा डेटा साठवायचं काम जीडीबीएम ही लायब्ररी करायची. ती जीपीएल या परवान्याखालची, त्यामुळे तिच्याबरोबर जीपीएलच्या अटीही आल्या : तिच्यासह बनलेला प्रोग्राम वाटायचा तर त्याच परवान्याखाली. दुसऱ्या आवृत्तीत हिप यांनी स्वतःचं बी-ट्री (डेटा साठवायची रचना) लिहून जीडीबीएम काढलं, तेव्हा कुठे कोड मोकळा करता आला. आत दुसऱ्याच्या मालकीचा तुकडा असेल, तर तो सोडायचा अधिकार आपला नसतोच.

म्हणून एसक्यूलाइटमध्ये कोणाचाही पॅच, म्हणजे कोडमधला बदल, सहज घेत नाहीत. लिहिणाऱ्याचं आणि तो नोकरीत असेल तर कंपनीच्या प्रतिनिधीचंही हक्क सोडल्याचं सहीचं प्रतिज्ञापत्र लागतं. मूळ प्रती अग्निरोधक तिजोरीत आहेत. कंपनीची सही कशाला? भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम 17 बघा : वेगळा करार नसेल, तर नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनीच.

सर्वांत मोठी गफलत मात्र लायसन्स नसलेल्या कोडबाबत होते. तो फुकट समजून उचलला जातो. कोड लिहिला की हक्क आपोआप लागू होतो. आपल्याकडे प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तिला संरक्षण असतं.

हक्क सोडायची वाट कलम 21 मध्ये आहे : रजिस्ट्रारला विहित नमुन्यात नोटीस किंवा, 2012च्या दुरुस्तीपासून, जाहीर सूचना. जर्मनीत लेखकाला कॉपीराइट पूर्ण सोडताच येत नाही. नुसतं ‘पब्लिक डोमेन’ (कोणाचाच हक्क नाही) लिहिलेला कोड तिथे वापरणाऱ्याची पंचाईत होते. क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेच्या सीसी-झिरो या तयार मजकुराने यावर तोड काढली : आधी हक्कत्याग, तो कायद्यात टिकला नाही तर बिनशर्त परवाना. पण त्यात पेटंटचे हक्क स्पष्ट वगळलेत. त्यामुळेच 2022 मध्ये फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने नव्या कोडसाठी तो स्वीकारणं थांबवलं.

कोडसाठी आमची पसंती झिरो-बीएसडी या परवान्याला. कॉपीराइट राहतो, पण लेखकाचं नाव द्यायचीही अट नाही. पूर्ण मजकूर ‘लायसन्स’ फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे परवान्याचं प्रमाणित छोटं नाव सांगणारी, ओळ घाला. नोकरीत असाल, तर कंपनीची लेखी परवानगी त्याआधी घ्या.