पेट्रोल ओढायचं नाही, ढकलायचं

[दृश्य: इंदूर, एबी रोड, मे महिन्याची दुपार]

इंदुरात ज्यांनी जुनी अँबॅसिडर नाहीतर फियाट चालवलीये त्यांना हे सांगायची गरजच नाही. मे महिना, गाडीत सहा जणं, मानपूरचा घाट, आणि मधेच गाडी गचके खात बंद. मग बोनेट उघडून इंजिनाला लागलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचं, बायकामुलं झाडाखाली डबा उघडून बसायची, थोड्या वेळाने गाडी काही न करता चालू. टाकीत पेट्रोल होतं, पंपही धड होता, फक्त पाइपात पेट्रोलची वाफ झाली होती आणि वाफ काही त्या पंपाला ओढवत नाही. व्हेपर लॉक म्हणतात ते हेच.

आता घरी बनवलेल्या विमानात हे झालं तर गाडी साइडला कुठे घेणार?

सगळे उन्हाच्या नावाने खडे फोडतात. ऊन आहेच हो, पण निम्मा गुन्हा ओढीचा आहे.

[दृश्य: टेबलावर बिनसुईची सिरिंज आणि गरम पाण्याचं पातेलं]

साधारण सत्तर अंशाचं पाणी, उकळलेलं नाही. सिरिंजमध्ये थोडंसं घेतलं, हवा काढून टाकली, तोंड बुचाने बंद केलं आणि दट्ट्या जोरात मागे खेचला... बघा, उकळतंय! खाली आच नाही काही नाही, फक्त आतला दाब कमी झाला. दट्ट्या सोडला की बुडबुडे गायब.

पेट्रोल तर याच्यापेक्षा कितीतरी उडतं. एव्हीगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा वाफदाब (भोवतालचा दाब याच्याखाली गेला की ते उकळतं) 37.8 अंशाला 38 ते 49 किलोपास्कल ठेवलेला असतो, पेट्रोल पंपावरचं साधं पेट्रोल त्याहून लवकर वाफ होतं आणि त्यात आता इथेनॉल. उलट बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला 101 किलोपास्कल, दहा हजार फुटांवर जेमतेम 70, त्यातून पंपाची ओढ वजा करा, मग उरतं काय?

[दृश्य: लो-विंग, म्हणजे पंख खाली असलेल्या विमानाच्या फ्युएल लाइनचा आराखडा]

टाक्या खाली पंखात, इंजिनावरचा मेकॅनिकल पंप वर तापलेल्या काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात. टेकऑफनंतर नाक वर, म्हणजे पंप टाकीपासून अजून उंच, पॉवर फुल, स्पीड कमी म्हणून गार वाराही कमी. सगळं वाईट एकाच वेळी.

उपाय जुनाच आहे, आजकालच्या गाड्यांत पंप टाकीतच बसवतात म्हणून ओलं फडकं कुणाला आठवत नाही. विमानात इलेक्ट्रिक पंप टाकीच्या जवळ, जमेल तितका खाली आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) केबिनकडच्या बाजूला बसवा, त्याच्यापुढची सगळी लाइन दाबाखाली राहते. पंपाच्या अलीकडचा, म्हणजे टाकीकडचा पाइप आखूड, पुरेसा जाड, शक्यतो काटकोनी एल्बो नको, आणि मधे कुठे उंटासारखा कुबड तर अजिबात नको कारण वाफ तिथेच जाऊन बसते. बारीक जाळीचा फिल्टरही ओढीच्या बाजूला नको, पंपाच्या पुढे लावा.

लोक पाइपावर फायरस्लीव्ह, म्हणजे आगरोधक वेष्टण चढवतात आणि झालं समजतात. तो आगीसाठी आहे, उष्णता फार तर उशिरा पोचते. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि काउलिंगमधलं तापमान उलट वाढतं, त्यात अर्धा तास उभं राहिलेलं विमान पुन्हा उडवायचं म्हणजे स्लीव्हच्या आतलं पेट्रोलही शिजलेलंच. तिथे रिटर्न लाइन कामाला येते, रोटॅक्स 912 इंजिनाला ती असतेच, वाफ आणि गरम पेट्रोल टाकीत परत जातं. फक्त ज्या टाकीतून घेतलं त्याच टाकीत परत सोडा हं, नाहीतर दुसरी भरून व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून सांडेल.

[दृश्य: शेपूट खाली, नाक वर, पाइपाखाली मापाचा कॅन]

शेवटी मोजायचं. नाक चढाईच्या कोनाइतकं वर, टाकीत पेट्रोल अगदी कमी, इंजिनाकडची लाइन सोडून कॅनमध्ये, जवळपास ठिणगी नको. पंपाच्या सिस्टिमला टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के फ्लो मिळायला हवा, 100 हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ताशी 27 लिटर पितं म्हणजे साधारण 34 लिटर. आणि जानेवारीच्या सकाळी मोजून खूश होऊ नका, मे महिन्यात भर दुपारी पुन्हा मोजा.