कारखाना जत्रेपर्यंत न्या

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला उद्यमबागेतून, म्हणजे आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतून, एक फेरी मारा. फाटकाफाटकावर पाट्या दिसतील. टर्नर पाहिजे, फिटर पाहिजे, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर पाहिजे, हेल्पर पाहिजे. काही पाट्यांची अक्षरं ऊन-पावसानं उडून गेलीत, तरी पाटी उतरलेली नाही. त्याच संध्याकाळी बेळगावच्या बसस्टँडवर जा. पाठीला सॅक लावलेली आपलीच पोरं पुण्याच्या गाडीत चढत असतात, नाहीतर चोर्ला घाटातून गोव्याला निघालेली असतात. कुणी खानापूरकडचा, कुणी येळ्ळूरचा, कुणी पार चंदगडहून आलेला. पाटी आणि पोरगा एकाच शहरात, पण दोघांची गाठ पडत नाही.

मी गेली तीस वर्षं मशीनशॉप चालवतो. पंप आणि हायड्रॉलिकचे जॉब, म्हणजे सुटे भाग, करतो. आज मला बोलायचं आहे ते माझ्यासारख्या छोट्या कारखानदारांशी, आणि ज्यांच्या घरात दहावी-बारावी झालेलं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांच्याशी. आपण आपला कारखाना लोकांना कधी दाखवलाच नाही. फाटकाच्या आत काय चालतं, ते फाटकाबाहेरच्या माणसाला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या ठिकाणी कुठली आई आपलं लेकरू पाठवेल?

उलट सैन्यभरती बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे. पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात ती भरतीसाठी. 1600 मीटर किती मिनिटांत धावायचं, उंची किती पाहिजे, छाती किती फुगली पाहिजे, पगार किती, हे सातवीतल्या पोरालाही पाठ असतं. अग्निवीर झालं तर चार वर्षं, त्यातले 25 टक्के पुढे कायम, हेही माहीत असतं. तरीसुद्धा पोरं धावतात, कारण सगळं उघड आहे. आमच्याकडे आलेल्या पोरानं विचारलं, "मालक, पगार किती?" तर आम्ही म्हणतो, "आधी काम तर बघू, मग बोलू." हे बोलणं मीही वर्षानुवर्षं केलं. आता करत नाही.

गुणाचं म्हणाल तर आपल्या पोरांत गुण ठासून भरलाय. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर जागून तुम्ही पाहिली असेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा राहतो, दरवाजा उघडतो, बुरूज वर सरकतो. तो बुरूज कोण सरकवतं? ट्रॉलीखाली घुसून गल्लीतलीच पोरं वेल्डिंग करतात, जुन्या जीपचा जॅक बसवतात, साखळी आणि गिअर जुळवतात. तीच पोरं गणपतीत हलते देखावे करतात. कुणी त्यांना ड्रॉइंग दिलेलं नसतं. अंदाजानं करतात आणि ऐन मिरवणुकीत ते चालतं! माझ्याकडचे दोन उत्तम फिटर मला अशाच एका चित्ररथाखाली सापडले. एकाच्या हातात पान्हा होता, दुसरा टॉर्च धरून होता, आणि बेअरिंग कुठं अडकतंय ते दोघं आवाजावरून शोधत होते. त्यातल्या एकाला मी तिथंच विचारलं, "सोमवारी येतोस काय?" तो पिक्चरमधला प्रसंग नव्हता, पोरगा आधी म्हणाला, "घरात विचारून सांगतो." घरात विचारायला मी स्वतः गेलो, म्हणून तो आला.

तिथून मला सुचलं की प्रदर्शन भरवायचं तर पोरं जमतात तिथं भरवावं. शहरातल्या मोठ्या मंडपात, एसीत, गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन बसलो तर आमच्यासमोरून आमचेच धंदेवाले फिरतात. गावची पोरं आणि त्यांचे आईबाप जत्रेत भेटतात. आपल्याकडच्या गावांत महालक्ष्मीची जत्रा काही वर्षांच्या खंडानं येते. त्या वेळी माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईला गेलेले येतात, प्रत्येक घरात पाहुण्यांची ताटं उठत असतात. पाळणे, बांगड्या, भांडी, खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत आम्ही चार छोट्या कारखानदारांनी मिळून एक मांडव घेतला. पंचांनी जागा दिली, वीज आम्ही घेतली.

मांडवात काय ठेवलं ते सांगतो, कारण खरी गोम त्यातच आहे.

पहिल्या टेबलावर पंपाची एकच बॉडी दोन रूपांत. डावीकडे फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, आलेलं कच्चं कास्टिंग, काळं, खरबरीत, कोपऱ्यात अजून वाळू चिकटलेली. उजवीकडे तीच बॉडी मशीनिंग करून, आतला बोअर, म्हणजे गोल पोकळी, आरशासारखा. मध्ये एक कापलेली बॉडी, आतून पाणी कसं फिरतं ते दिसावं म्हणून पोटात उभी चिरलेली. माणूस कापलेल्या वस्तूपाशी थांबतोच. कॅटलॉगमधला फोटो बघून कुणी थांबत नाही.

दुसऱ्या टेबलावर मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक मापं घ्यायचं साधन. तिथं आमच्याकडचा एकवीस वर्षांचा ऑपरेटर बसवला होता. तो येणाऱ्याला म्हणायचा, "एक केस द्या बघू." डोक्यावरचा एक केस उपटून मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत धरायचा आणि आकडा वाचायला लावायचा. कुणाचा 60 मायक्रॉन, कुणाचा 80. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग म्हणायचा, "ह्या बोअरचं माप 20 मायक्रॉनच्या आत बसवावं लागतं. म्हणजे तुमच्या केसाचे तीन-चार उभे भाग केलेत तर त्यातला एक. तेवढं चुकलं तर जॉब भंगारात." श्रोतेहो, त्या टेबलावर रात्री अकरापर्यंत रांग होती. पोरं एकमेकांचे केस मोजत होती. एक आजी नातवाला घेऊन आल्या, स्वतःचा पांढरा केस मोजून घेतला आणि नातवाला म्हणाल्या, "हे शिक की रे." लेथवरचं काम म्हणजे काळे हात आणि हमाली, असं समजणाऱ्या माणसाला ह्याहून चांगलं उत्तर मी देऊ शकलो नसतो.

तिसऱ्या ठिकाणी हायड्रॉलिक जॅक आणि फळी. सातवीतल्या मुलीनं हातानं दांडा मारायचा आणि फळीवर उभे असलेले चार बाप्ये वर उचलायचे. मुली हसत हसत दांडा मारत होत्या. मुलींसाठी मांडलं नव्हतं, खरं सांगतो. त्या रात्री लक्षात आलं की सीएनसीवर, तपासणीच्या टेबलावर मुली येऊ शकतात, आणि त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्या जत्रेनंतर इन्स्पेक्शनला दोघी आल्या. त्यांच्या वडिलांची पहिली अट होती, पहिल्या पाळीशिवाय नाही. आम्ही ती मान्य केली.

चौथा होता फलक. त्यावर पगार लिहिला. शिकाऊला किती, सहा महिन्यांनी किती, स्वतः सेटिंग करायला लागल्यावर किती. ईएसआय, पीएफ कापलं जातं तेही लिहिलं, आणि हातात किती येतं तेही. शेजारच्या कारखानदाराला हे पटलं नव्हतं. तो म्हणाला, "उद्या सगळी माझी माणसं येऊन भांडतील." भांडली नाहीत. दोघंतिघं येऊन म्हणाले, "आमचं पण असं लिहून द्या." फलक कन्नडमध्ये आणि मराठीत दोन्ही होता. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड हा नियम आहे, तो आम्ही पाळतो. पण सीमाभागातल्या आईबापाला मराठीतून समजावून सांगितलं की त्यांच्या कपाळावरची आठी जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडून आलेल्या पोराशी आमचा ऑपरेटर कन्नडमध्ये बोलला तेव्हा तोही तसाच मोकळा झाला. मांडवात दोन्ही भाषा बोलणारी तरणी माणसं उभी करा. मालकानं मागं उभं राहावं.

आता ती गोष्ट सांगतो जिनं माझी झोप उडवली. एक काकी आल्या, पोराला पुढं करून. पोरगा दहावी पास, पुढं शिकायचं नाही म्हणत होता. काकींनी सगळं बघितलं, फलक वाचून घेतला, आणि विचारलं, "मालक, दुसरी पाळी कवा सुटते?" म्हटलं, रात्री अकराला. "मग वस्तीची गाडी कशी गावायची?" गावात मुक्कामाला जाणारी शेवटची बस त्याआधीच सुटलेली असते. मी पगार लिहिला होता, मायक्रॉन लिहिले होते, पण पोरगा रात्री घरी कसा जाणार याचा मी एक क्षणही विचार केला नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकी म्हणाल्या, "असू दे, बघतो आम्ही," आणि निघून गेल्या. ते पोरगं त्या वर्षी गोव्याला हॉटेलात लागलं.

त्यानंतर आम्ही चौघांनी मिळून एक टेंपो ट्रॅव्हलर लावला. रात्री सव्वाअकराला निघतो, पिरनवाडी, मच्छे करत खानापूर रस्त्यानं जातो. खर्च चौघांत वाटून घेतो. माणसांची गळती थांबली. नवी माणसं आणण्यापेक्षा असलेली टिकवणं स्वस्त पडतं, हा हिशोब कागदावर करून बघा.

कायद्याचं थोडं. ज्या कारखान्यात 30 किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के. चारपासून 29 पर्यंत असतील तर ऐच्छिक. पण म्हणून टाळू नका. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना कमाल 1500 रुपये, केंद्र सरकार उचलतं. पोर्टलवर करार नोंदवावा लागतो, आयटीआयमधले लोक मदत करतात. आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो: 18 वर्षांखालच्या पोराला भट्टीपाशी, ओतकामापाशी उभं करू नका. कायद्यानं ते बंद आहे, आणि कायदा नसता तरी करू नये. वितळलेल्या लोखंडापुढं पोरकटपणाला जागा नसते. जत्रेत सतरा वर्षांचा पोरगा "फाउंड्रीत घ्या" म्हणाला, तर त्याला आयटीआयचा फॉर्म द्या आणि त्याच्या बापाचा नंबर लिहून घ्या.

वेळही सांभाळा. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की घराघरात पुढं काय हा विषय निघतो. आयटीआयचे प्रवेश सुरू व्हायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे आपले. दिवाळीनंतर मेळावा घेतलात तर पोरगा केव्हाच कुठंतरी लागलेला असतो.

माल खपवण्याच्या प्रदर्शनांबद्दलही दोन शब्द. बेंगळूरला तुमकूर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन भरतं, देशभरचे लोक येतात. छोट्या कारखान्याला तिथं तीन बाय तीन मीटरचा स्टॉल परवडत नाही. चौघांनी मिळून एक घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्टॉलच्या भाड्याचा परतावा देणारी केंद्राची योजना आहे, उद्यम नोंदणी असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आधी चौकशी करा, प्रदर्शन झाल्यावर नको. तिथंही कापलेला जॉबच ठेवा, आणि शेजारी त्याचं तपासणीचं रिपोर्ट-शीट. आलेल्या माणसाचं कार्ड घेतलंत तर आठ दिवसांत फोन गेला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रदर्शनातली साठेक कार्डं ड्रॉवरमध्ये पडून राहिली, दिवाळीला उघडलं तेव्हा त्यातल्या लोकांनी दुसरीकडं ऑर्डरी देऊन टाकल्या होत्या. आता परतीच्या रेल्वेतच यादी करतो.

हे काही नवीन नाही, मंडळी. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. 1888 साली त्यांचं बेळगावात सायकलचं दुकान होतं. तेव्हा सायकल चालवणं कुणाला येत होतं? ते विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. पुढं त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली, आणि 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची आणि मालाची माहिती देणारी 'किर्लोस्कर खबर' काढली, मराठीत. कारखानदारानं लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं असतं हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो.

येत्या वैशाखात शेजारच्या गावी जत्रा आहे. आम्ही मांडव सांगून ठेवलाय. या वेळी केस मोजायच्या टेबलावर इन्स्पेक्शनमधल्या त्या दोघींपैकी एक बसणार आहे. आणि फलकावर पगाराच्या खाली एक ओळ नवीन रंगवून घेतलीय, ठळक अक्षरात: दुसरी पाळी सुटल्यावर गाडी रात्री सव्वाअकराला, खानापूर रस्त्यानं. त्या काकींचं धाकटं पोरगं यंदा दहावीला आहे, असं ऐकलंय. मी निरोप पाठवलाय.

नमस्कार.