वही इंग्रजीत, गप्पा क्रिओलमध्ये

(मेट्रो, रेद्वी स्थानक)

रोझ हिलहून निघालेला मेट्रोचा हा फाटा रेद्वीला येतो, मॉरिशस विद्यापीठाजवळ. डब्यातला पोरांचा गलका ऐका. हे क्रिओल, बहुतांशी फ्रेंच शब्दांतून घडलेली इथली भाषा. देशातली दहापैकी जवळपास नऊ माणसं घरी हेच बोलतात.

(ढोल पुरीची गाडी)

"एन पेर," म्हणजे एक जोडी. दोन मऊ पुऱ्या, आत पावट्यासारख्या जाड दाण्यांचं कालवण, वर चटणी, आणि कागदाची गुंडाळी. ढोल पुरी, म्हणजे आपली डाळपुरीच! इथे इंग्रजीत मागणारा फक्त पर्यटक.

(वर्ग, फळा, वह्या)

वर्गात मात्र फळा इंग्रजी, वही इंग्रजी, परीक्षाही इंग्रजी. शंका निघाली की सर हळूच फ्रेंचवर येतात, नाहीतर क्रिओलवर.

(जुने नकाशे, उसाचे मळे)

हे त्रांगडं जुनं आहे. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं, 1810 मध्ये ते इंग्रजांनी जिंकलं. पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती कायम राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंचही टिकली. कारभार इंग्रजांचा झाला, उसाचे मळे बऱ्याच अंशी फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडेच राहिले. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी घडी तीच. संसदेची भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्ये बोलायची मुभा राज्यघटनेनंच दिली. आणि पेपर उघडा: 'ल मोरिसियँ' काय, 'लेक्स्प्रेस' काय, मजकूर मुख्यतः फ्रेंच.

(कँटीन)

म्हणून पोरांचा हिशेबही सरळ. इंग्रजी पदवीसाठी, नोकरीसाठी, परदेशासाठी. ती कुठल्याच एका समाजाची नाही, त्यामुळे तिच्यावरून भांडण नाही; तिच्यावर जीवही नाही. मित्रांत कुणी फाडफाड इंग्रजी झाडली तर "भाव खातोय" हेच ऐकावं लागतं. फ्रेंच तर टीव्हीवरून आपसूक कानावर पडते, क्रिओलचे बहुतेक शब्द तिचेच, म्हणून जमतेही लवकर. पण तिला प्रतिष्ठेचा वास आहे. भारी दुकानात शिरताना आवाज आपोआप फ्रेंच होतो.

आणि जिच्यात ही पोरं हसतात, भांडतात, प्रेमात पडतात, ती क्रिओल? तिला वर्षानुवर्षं "मोडकी फ्रेंच" म्हणून हिणवलं गेलं. प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ती आली तीच मुळी 2012 मध्ये. पुस्तकं इंग्रजीत असल्यानं अनेक मुलं शाळेतच मागे पडतात, रेद्वीपर्यंत पोचतच नाहीत.

(मोका, महात्मा गांधी संस्था)

जवळच मोका. कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचे वंशज इथे मराठी शिकतात. वहीत देवनागरी, विभक्तीचे तक्ते. "हे पाठ करायचं का?" हा प्रश्न मात्र क्रिओलमध्ये. यांतले काही जण पुढे प्राथमिक शाळांत मराठीचे शिक्षक होतात. तिथेही मूल अडलं की समजावणं क्रिओलमध्येच.