घरात शिसं येतं कुठून?

[दृश्य: कल्हईची भट्टी]

पितळेचं पातेलं चांगलं तापलंय. कल्हईवाल्यानं आत नवसागराची पूड टाकली, भसकन पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा झरझर फिरवला. बघता बघता पातेलं आतून लख्ख.

कल्हई असायला हवी निव्वळ कथलाची. पण कथील महाग, शिसं स्वस्त. म्हणून काही ठिकाणी कथलात शिसं मिसळतात. चकाकी तशीच येते, बघून काही कळत नाही. अशा पातेल्यात चिंचेचं सार उकळलं की आंबटामुळे शिसं सुटून जेवणात उतरतं.

[दृश्य: पारावरचा मारुती]

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. तो मूर्तीवर असतो तोवर ठीक. पण शेंदराचं बोट बाळाच्या तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? यात श्रद्धेला धक्का लावायचं काही कारण नाही. घरी आल्यावर हात धुवावेत, एवढंच.

[दृश्य: हळकुंडांची रास]

बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, लावत. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उजेडात आणलं. सरकारनं बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केले. २०२१ पर्यंत तपासणीच्या नमुन्यांतून ती भेसळ नाहीशी झाली. दोन वर्षांत! मनावर घेतलं तर होतं.

आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आली. जुन्या भिंतींवरचे पोपडे मात्र अजून गळताहेत.

[दृश्य: जमिनीवर रांगणारं मूल]

मोठ्यांच्या पोटात गेलेलं शिसं जितकं अंगात मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या अंगात मुरतं. लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. मुलीच्या हाडांत साठलेलं हे शिसं पुढे तिच्या गरोदरपणात रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. मेंदूची वाढ, अभ्यासातलं लक्ष, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतात २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. आणि इतकं असेल तर चालेल, असं सुरक्षित प्रमाण शिशाला नाहीच.

नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजायच्या तपासणीत, शिसं दिसत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही मुलाचं हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर रक्तातलं शिसं तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.