वावरातलं पाचारण

(कापणीच्या उपकारस्तुती सभेतलं व्याख्यान, संपादित)

आज वेदीपुढे ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा आणि कापसाचं एक गाठोडं ठेवलंय. त्या गाठोड्यापासूनच सुरुवात करू. हा कापूस दव वाळल्यावर वेचला की पहाटे? कोरडा आहे, की जड भरावा म्हणून त्यावर पाणी मारलंय? उपासनेत असे प्रश्न विचारायची आपल्याला सवय नाही. गीत झालं, लिलाव झाला, की सोमवारपासून वावर वेगळं आणि देव वेगळा. ‘पाचारण’, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी बोलावणं, हा शब्दही आपण पाळकसाहेब, सुवार्तिक, फार तर मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई यांच्यासाठी राखून ठेवलाय.

ही वाटणी जुनीच आहे. मध्ययुगीन युरोपात पाचारण असायचं मठातल्यांना. नांगरधारी माणूस खालच्या पायरीवर. 1520 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मन उमरावांना उद्देशून लिहिताना ती पायरीच काढून टाकली. मोची, लोहार, शेतकरी यांना आपापलं काम नेमलेलं आहे, आणि तरी ते सगळे सारखेच याजक आहेत, असं त्याने मांडलं. त्याच्या शिकवणीचं मर्म साधं आहे: आपल्या सत्कर्मांची गरज देवाला नाही, शेजाऱ्याला आहे. म्हणून कामाची परीक्षा शेजाऱ्याकडे बघूनच होते.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. घाम, काटे, कुसळं ही तिसऱ्या अध्यायातली गोष्ट. म्हणजे काम शापाच्या आधीचं आहे. शापाने ते जड झालं, एवढंच. आणि ‘राखण’ हा शब्द विसरू नका. रात्रभर मचाणावर बसून रानडुकरं हाकलणारा जागल्याही त्याच आज्ञेत येतो.

इथे एक धोका आहे, आणि आपल्या देशात तो मोठा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात प्रेषित पौल म्हणतो, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने तीत राहावं. हे वचन तेवढंच वाचलं तर ते जातीच्या उतरंडीला शेंदूर फासल्यासारखं होतं: बापाने मेलेलं ढोर ओढलं, तूही ओढ, तेच तुझं पाचारण. पण लगेच पुढचं वचन दासाला सांगतं की मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. पाचारण जन्माने चिकटत नाही. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, पोरगा शिकून लाइनमन झाला, तर तो पाचारण सोडून पळाला असं म्हणणारा माणूस पौलाला अर्धाच वाचतो. आणि मालकाने सालदाराला ‘हेच तुझं पाचारण’ म्हणून ऐकवणं तर शुद्ध लबाडी.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले. त्याने कोणालाच नोकरी सोडायला सांगितली नाही. जकातदारांना म्हणाला, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, जुलूम करू नका, पगारात तृप्त राहा. अडत्या, काटेवाला, तलाठी यांना तो आज वेगळं काही सांगेल असं वाटत नाही.

आता कापूस. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून ओला माल परत. बारा टक्क्यांचा माल आठचा म्हणून खपवला, तर क्विंटलमागे साधारण चार किलो पाणी आपण विकलं. नीतिसूत्रं अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात खोट्या तराजूला परमेश्वराचा वीट आहे म्हणतात; पाणी मारणं ही तराजूला हात न लावता केलेली तीच खोट. वर ओल्या कापसाची गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकीची उगवण बिघडते. म्हणून दव वाळल्यावर वेचा. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळ्या पिशवीत ठेवा. गाठोड्याला सुती कापड वापरा, खताची पोतडी नको. पोत्याचा प्लास्टिकचा धागा रुईत गेला की सुतात राहतो, त्यावर रंग चढत नाही, आणि कापड नापास होतं. तो विणकर आपल्याला कधी भेटणार नाही. पण शेजारी तोही आहे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एक वचन मला फवारणीपाशी फार महत्त्वाचं वाटतं, बाविसाव्या अध्यायातलं आठवं. नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या वावराचा कठडा म्हणजे हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, न गळणारा पंप. पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी वाढली की तुषार थेट तोंडावर येतो; तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध चालायचं नाही, भर दुपारी फवारायचं नाही. शिफारस नसताना दोन-तीन औषधं एका ड्रममध्ये कालवू नका. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. मधेच हात न धुता तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं म्हणजे ते विष हाताने तोंडात घालणं. मजुराला मळमळलं, नजर धूसर झाली, तर त्याचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि दवाखान्यात डबा सोबत न्या; लेबल पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. ‘त्याला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही’ हे उत्तर कठडा न बांधणाऱ्याचं आहे.

मजुरीबद्दल लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय स्पष्ट आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. किलोवर वेचाई असेल तर बायांसमोर रिकामा काटा शून्यावर आहे का ते दाखवा, शिक्क्याचं दहा किलोचं वजन ठेवून तपासा, कापडाचं वजन आधी वजा करा. दवाच्या नावाने सरसकट किलोभर कापायची रीत बंद करा. ओला वेचायला आपणच लावलं असेल तर ती तूट आपली. वजन दोन वह्यांत लिहा, एक त्यांच्याकडे राहू द्या. हिशेब आठवड्याचा असेल तर चुकारा बाजाराच्या आदल्या दिवशी करा. बाजार उठताना दिलेल्या पैशात भाजी उरलेली येते.

त्याच अध्यायात सरवा आहे: शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी ठेवा. बायबलमधली परकी विधवा रूथ जगली ती सरव्यावर. कापसाचं मात्र वेगळं आहे. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक, ठेवू नये, पराटी वेळेत काढावी. तिथे सरव्याचं निमित्त सांगू नका. पण सोयाबीन, गहू, हरभऱ्यात हार्वेस्टरमागे शेंगा नि ओंब्या पडतातच. त्या वेचायला आलेल्या म्हातारीला धुऱ्यावरून हाकलू नका, आणि रोटाव्हेटर दोन दिवस उशिरा बोलवा.