माल गेला, पैसे अडकले? सोलापूरच्या कारखानदारांनी हे बघाच

नमस्कार मंडळी! अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलच्या कारखान्यात जाऊन विचारा, ऑर्डर आहे का, तर आहे, माल गेला का, तर कधीच गेला, आणि पैसे? ते येतील की ओ दोन-तीन महिन्यांत. तोपर्यंत सूतवाल्याला द्यायचे, कामगारांचा आठवड्याचा पगार करायचा, लाईट बिल भरायचं, मग काय, व्याजानं पैसे उचलायचे. बँकेत गेलं की तारण काय देता विचारतात.

तर माझं म्हणणं एवढंच, तुमच्या धंद्याची डिजिटल नोंद हीच आता तुमची पत आहे, ती नीट तयार करा.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांची सरकारी नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक रुपया फी नाही, त्यामुळे कुणी हजार-दोन हजार मागितले तर सरळ उठून या.

मग क्यूआर. यूपीआय २०१६ ला आलं, पण अजून कितीतरी दुकानात पोराच्या पर्सनल खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो आणि त्याच खात्यातून शाळेची फी, मटण, लग्नाचा आहेर सगळं चालतं, बँकेला त्यात धंदा दिसणार कसा? खातं वेगळं करा. पुढे लोन मागताना, खात्याची माहिती बँकेपर्यंत ऑनलाइन पोचवणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमधून स्टेटमेंट मोबाईलवरूनच बँकेला देता येतं, कुठल्या कामासाठी आणि किती दिवस ते बघून परवानगी तुम्ही द्यायची. झेरॉक्सचा गठ्ठा नको.

आता ट्रेड्स (TReDS), म्हणजे छोट्या धंद्यांच्या बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म, ह्याबद्दल आपल्याकडे फार कमी लोक बोलतात. समजा मोठ्या कंपनीला ४ लाखांचे टॉवेल दिले. ते बिल ट्रेड्सवर टाकायचं, कंपनीनं ते मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, ज्याचा व्याजदर कमी तो तुम्ही घ्यायचा, की व्याज कापून पैसे खात्यात, साधारण एक-दोन दिवसांत. आणि उद्या कंपनीनं पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही! २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची केलीय.

पण पेठेतला व्यापारी ट्रेड्सवर नसतो. त्याच्यासाठी २००६ चा छोट्या उद्योगांचा (एमएसएमई) कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे, नाहीतर व्याज, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणी करत नाही, ती भीती खोटी नाही, म्हणून निदान बिलावर तारीख आणि उद्यम नंबर तरी टाकत जा.

शेंगाचटणी, कडक भाकरीवाल्या ताईंनो, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या धंद्याला जीएसटी नंबर नसला तरी राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकता येतो, फक्त जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा. फूड रजिस्ट्रेशन मात्र लागतंच.

ट्रेड्सवर नाव कसं नोंदवायचं ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो, तोवर उद्यमचं सर्टिफिकेट आणि एक जुनं बिल काढून ठेवा.