शेपटीवरून ओळख

(पडद्यावर: पेट्री डिशमधल्या ई. कोलायच्या वसाहती)

ई. कोलाय हा जिवाणू म्हणजे आपल्या आतड्यातला जुना भाडेकरू. त्याला लोह लागतं. ते कमी पडलं, की त्याच्या पेशीत आरएनएचा एक छोटा तुकडा तयार होऊ लागतो: आरवायएचबी. लांबी जेमतेम 90 अक्षरं, म्हणजे आरएनएच्या साखळीतले 90 रासायनिक दुवे. त्यापासून प्रथिन बनत नाही. लोह वापरणारी प्रथिनं ज्या संदेशवाहक आरएनएवरून बनतात, त्यांना चिकटून ते उत्पादनच थांबवायचं, हे त्याचं काम. महिनाअखेरीला घरखर्चाला कात्री लावतात ना, तसंच.

पण एकट्यानं त्याला हे जमत नाही. पेशीत आरएनए कुरतडणारी विकरं टपलेली असतात. शिवाय संदेशाशी त्याची जुळणारी अक्षरं थोडीच, आणि आजूबाजूला संदेशांची ही गर्दी! म्हणून मध्यस्थ लागतो. त्याचं नाव एचएफक्यू.

हे अवघड नाव एका विषाणूची देणगी आहे. क्यू-बीटा हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. स्वतःच्या प्रती काढायला त्याला यजमान पेशीतलं एक प्रथिन लागतं, हे 1968 मध्ये कळलं. म्हणून ते ‘क्यू-बीटाचा यजमान-घटक’ ठरलं. जिवाणूला स्वतःला ते कशाला हवं, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं मागेच पडला. घरमालकाची ओळख पाहुण्याच्या नावानं व्हावी, असा हा प्रकार.

(पडद्यावर: संथ फिरणारं कडं)

हेच ते एचएफक्यू. सहा एकसारखे भाग गोलाकार जोडलेले. मेदूवडाच म्हणा, फक्त रुंदी सुमारे 7 नॅनोमीटर. वड्याला दोन बाजू आणि एक कड. तिन्ही ठिकाणी आरएनए धरला जातो, पण प्रत्येक ठिकाणाची आवड निराळी.

एका बाजूला भोकाभोवती सहा खोबणी आहेत. त्यांत यू हे अक्षर बसतं. यूच का? जिवाणूंच्या अनेक जनुकांची आरएनएमध्ये नक्कल संपते तिथे आरएनए केसाच्या आकड्यासारखा दुमडतो, मग ओळीनं यू येतात आणि नक्कल करणारं विकर सुटतं. म्हणजे आरवायएचबीसारखा लघु आरएनए जन्मतःच यूंची शेपटी घेऊन येतो. एचएफक्यू नेमकी तीच पकडतं. साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूतल्या एचएफक्यूची रचना 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: शेवटच्या यूचं मोकळं टोकही प्रथिन चाचपून बघतं. यापुढे काही नाही ना, याची जणू खात्री करतं. मला यातली खरी गंमत इथे वाटते. अख्खा मजकूर वाचायची गरजच नाही, शेपूट बघितली की काम भागतं.

पलीकडच्या बाजूला ठरावीक अंतरानं ए हे अक्षर येणारे तुकडे बसतात. बहुतेकदा ते संदेशवाहकाचे असतात. आणि कडेवर अर्जिनाइन हे धनभारित अमिनो आम्ल. तिथे दोन्ही आरएनए जवळ येतात आणि त्यांची जोडी झटपट जुळते.

पकड इतकी घट्ट, की आरएनए आपणहून सुटायची वाट बघितली तर जिवाणूचा जीव जायचा. त्यावर उपाय मुंबईकरांना माहीत असलेला: लोकलमधली चौथी सीट. नवा आरएनए आधी एका खोबणीत जेमतेम टेकतो, मग जुन्याला हळूहळू सरकवतो. प्रथिनाची स्वतःची सैल शेपटीही मदतीला असते. तिचं टोक आरएनएसारखंच ऋणभारित, त्यामुळे कडेवर उगाच रेंगाळणाऱ्यांना ते हुसकावतं.

जोडी जुळली, की रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, संदेशावर बसायला जागा उरत नाही. मग आरएनएज-ई हे विकर येतं आणि संदेशासोबत आरवायएचबीचाही निकाल लावतं. कडं पुन्हा मोकळं.

(पडद्यावर: दुसरं कडं, सात रंगांचं)

हे कडं मात्र माणसाच्या पेशीकेंद्रकातलं आहे. एचएफक्यूच्याच कुळातलं, पण याचे भाग सात, आणि सातही वेगवेगळे. यू-सिक्स नावाच्या आरएनएची शेपटी त्यानं धरून ठेवली आहे. त्या शेपटीतही ओळीनं यूच आहेत.